खानावळवालीला जामीन कोण?

मुंबईच्या गिरणगावात, कापडगिरण्यांच्या वस्तीत, एकट्या राहणाऱ्या कामगाराचं पोट खानावळवालीच्या भरवशावर चाले. कोकणातून, सातारा-कोल्हापुराकडून आलेले गडी बैठकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि दोन वेळचं जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईकडे लावायचे. त्या बाईची खोली एकच. तिथेच स्टोव्ह, तिथेच मुलं, तिथेच पंगत. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत भाकऱ्या थापून व्हायला हव्यात. दुसऱ्या पाळीचा गडी मध्यरात्री परतला की त्याचं ताट झाकून ठेवलेलं हवं.

पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर तांदूळ, तेल, रॉकेल सगळं वाण्याच्या वहीवर. उधारीच्या मालाला घासाघीस करायची सोय नसते, मिळेल तो भाव आणि मिळेल तो माल घ्यायचा. आजारपण किंवा शाळेची फी निघाली की अंगावरचा डाग गहाण पडे, नाहीतर सावकाराचं जबर व्याज. दिवसभर राबून महिनाअखेरीस हाती फारसं काही उरत नसे.

सत्तरच्या दशकातल्या गिरणीसंपात पगार थांबले, तरी या बायकांनी संपकऱ्यांची ताटं थांबवली नाहीत. प्रेमा पुरव हे जवळून पाहत होत्या. गोवा मुक्तिलढ्यात कोवळ्या वयात पायावर गोळी झेललेल्या प्रेमाताई मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या आणि कामगार चळवळीच्या कामात होत्या. संप ज्यांच्या चुलीवर तगतो, त्या बायका कुठल्याच हजेरीपटावर नव्हत्या. ना गिरणीच्या, ना युनियनच्या.

१९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरणही आलं होतं. पण तारण काय, जामीन कोण, धंद्याचा कागद कुठे, या प्रश्नांपाशी खानावळवाली अडायची. प्रेमाताईंनी बायकांचे गट बांधले. गटातल्या एकीला दुसरी जामीन. १९७५ साली पहिल्या १४ जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचं कर्ज मिळालं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.

मला या सगळ्यात जामिनाची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. एकाच चाळीतल्या दोन खानावळवाल्या एकमेकींच्या स्पर्धक. इकडचा गडी रुसला तर तिकडे जेवायला जाणार. तरी तिच्या कर्जासाठी आपला अंगठा उठवायचा, म्हणजे तिचा हप्ता चुकला तर झळ आपल्यालाही, हे मान्य करायचं. बँकेला जे कागदावर सापडत नव्हतं ते शेजारणीला पाठ होतं: कुणाकडे किती गडी जेवतात, कुणाचा नवरा पितो, कोण शब्दाला पक्की आहे. ही माहिती चाळीत एरवी कुचाळकीला वापरली जाते. मंडळाने तिची पत केली. रोखीने धान्य भरता आलं, तेव्हा वाण्याच्या दुकानात या बायकांना भाव विचारता येऊ लागला. आज व्यावसायिक स्त्रियांची मंडळं भरतात, ओळखी होतात, कामं मिळतात, त्यात मोल आहेच. पण ओळखीच्या बाईच्या कर्जाची जबाबदारी अंगावर घेणं ही फार वरची पायरी आहे, आणि ती या अंगठेबहाद्दर बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी चढून दाखवली.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने गिरण्यांचाच कणा मोडला. जेवणारे गडी गावी परतले. अन्नपूर्णा मात्र तगली. जेवणाच्या मोठ्या ऑर्डरी, वाशीचं नोकरदार स्त्रियांचं वसतिगृह अशी कामं वाढत गेली. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. बँकेत अधिकारी असलेल्या त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांमध्ये भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या बायका यांच्यात हीच गटाची रीत रुजवली. तिथून अन्नपूर्णा परिवार आकाराला आला.

गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत, आणि गिरणगावाचा इतिहास अजून लिहिला जातो आहे. लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: खानावळवालीला कामगाराची सेवा करणारी माउली म्हणून समासात ठेवू नका. ती स्वतः कामगार होती, तिचा धंदा होता. तिची नोंद तशीच करा.