आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची किंमत

विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ मूळची आपल्या नगरची. निजामशाहीच्या चाकरीतल्या मुहम्मद बिन हसन रूमीने १५४९ साली ती इथे ओतली. वजन सुमारे ५५ टन. १८५४ मध्ये इंग्रज सरकारने ती निरुपयोगी सामान म्हणून लिलावात काढली, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. बोली फारच कमी आणि लोकांची तोफेवर श्रद्धा, हे ओळखून एका अधिकाऱ्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. बोली लावणाऱ्यांनी धातू पाहिला होता. तोफ कुणी, कधी, कुणासाठी ओतली हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

घरातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरबाबत आजही हेच घडते, फक्त उलट्या दिशेने. पारनेर-श्रीगोंद्याकडच्या फौजी घरांतून, शेवगाव-पाथर्डीच्या जुन्या वाड्यांतून विचारणा येते, "आजोबांचं रिव्हॉल्व्हर आहे, विलायती. किती येतील?" मी आधी विचारतो, परवाना कुणाच्या नावावर आहे? पलीकडे बहुधा शांतता असते. किमतीचा हिशेब त्या शांततेपासून सुरू होतो, म्हणून कायद्याचे आधी सांगतो.

"शंभर वर्षांचं झालं, आता परवाना कशाला?"

सर्वांत जास्त पसरलेला आणि माणसाला तुरुंगाच्या दारात नेणारा समज हा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे, हे खरे. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे: ते दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. म्हणजे कसोटी वयाची नाही, गोळी सुटू शकते की नाही याची आहे. घोडा अडकलाय, चक्री फिरत नाही, पण एखादा कारागीर ती तासाभरात चालू करू शकतो, अशा हत्याराला ही सूट नाही. वाड्यात सापडणारी बहुतेक रिव्हॉल्व्हरे याच जातीची असतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नियमांत बदल करून क्युरिओ, म्हणजे संग्राह्य वस्तूच्या वर्गात बसणारी लहान शस्त्रे बाळगण्यासाठी परवान्याची गरज काढली. ही बातमी अर्धीच पसरली. तेच हत्यार वापरायचे, सोबत न्यायचे किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायचे तर परवाना लागतोच, आणि परवान्यावर त्याची नोंद नसेल तर काडतुसे मिळत नाहीत. शिवाय आपली वस्तू त्या वर्गात बसते की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. आपल्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवान्याचे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहेत. त्यांच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी 'चालतंय' वर विसंबू नये. बिनपरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षांची कैद आणि दंड आहे.

वाडा पाडताना भिंतीत हत्यार निघाले तर 'आमच्याच भिंतीत होतं' एवढ्याने ते आपले होत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेल्या कोणत्याही मौल्यवान वस्तूला लागू होतो. किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

"वारसाने आलंय, म्हणजे माझंच"

वस्तू वारसाने येते, परवाना येत नाही. परवानाधारक वारला की हत्यार ठाणे अंमलदाराकडे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत आणखी एक वाट आहे, जी फार कमी घरांना माहीत असते: धारकाचे वय ७० झाले किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षे झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावे परवान्याची मागणी करू शकतो. आजोबा बसते-उठते असताना केलेल्या सहीची किंमत नंतर कळते. जमा केलेले हत्यार मुदतीत कुणी मागितले नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते.

एका परवानाधारकाकडे किती हत्यारे असावीत, ही मर्यादा २०१९ मध्ये ३ वरून २ वर आली. विधेयकाच्या मूळ मसुद्यात तर एकच होते. वारशाच्या हत्यारांनाही हीच मर्यादा लागते, म्हणून ज्या घरात एक ठासणीची, एक बारा बोअर आणि वर रिव्हॉल्व्हर आहे, तिथे भावंडांनी बसून कोण काय ठेवणार हे ठरवलेले बरे.

"परदेशात लाखांना जातं, म्हणजे इथेही जाईल"

पहिल्या महायुद्धातले वेब्ली मार्क सहा १९१५ साली ब्रिटिश फौजेत आले. सहा गोळ्यांचे, .४५५ बोअरचे, वर साल ठोकलेले. परदेशातल्या संग्राहकांना ते प्रिय आहे. आपल्याकडे मात्र .४५५ आणि .३८० या फौजी काडतुसांची रिव्हॉल्व्हरे निर्बंधित वर्गात मोडतात. धंद्यातली माणसे त्यांना 'पीबी' म्हणतात, प्रोहिबिटेड बोअर. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावे लागते. घेऊ शकणारेच मोजके, त्यामुळे मागणीही मोजकी. उलट .३२ बोअरचे साधे, नागरी वापराचे जुने वेब्ली, स्मिथ अँड वेसन किंवा कोल्ट भारतात चढ्या भावाने, लाखांत जाते, कारण ते 'एनपीबी', म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर आहे आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी आयात बंद झाल्याने तसा नवा माल येत नाही. इथली किंमत दुर्मीळपणापेक्षा बोअर आणि आयातबंदी ठरवते. परदेशी लिलावाचा आकडा मोबाइलवर पाहून इथे भाव सांगणारा माणूस स्वतःलाच फसवतो.

मग परदेशात पाठवून विकावे? पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१५ चे वेब्ली आता त्या वयात आले आहे.

नावाचाही मोह आवरावा. 'वेब्ली अँड स्कॉट' कोरलेले प्रत्येक हत्यार बर्मिंगहॅमचे नसते. २०२० पासून याच नावाची .३२ रिव्हॉल्व्हरे उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे बनतात. ती चांगली असतील, पण जुनी नाहीत. जुनेपण ओळखायचे ते नंबरावरून आणि ठशांवरून: बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटाचे ठसे, सरकारी मालमत्ता दाखवणारा तीन रेघांचा बाण, आणि फौजेने ते विकून टाकले असेल तर टोकाला टोक लावलेले दोन बाण. नळी, चौकट आणि चक्री यांवरचे नंबर एकमेकांशी जुळत असतील तर भाव वेगळा, एखादा भाग बदललेला असेल तर वेगळा.

इथे फौजी घरांतली एक कथाही तपासून घ्यावी लागते. "आजोबांनी लढाईवरून आणलं," असे सांगतात. पण शिपायाचे हत्यार रायफल; रिव्हॉल्व्हर मुख्यतः अधिकाऱ्यांकडे असे, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्रज अधिकारी ते बहुधा स्वतःच्या पैशाने घेत. म्हणून काहींवर कारखान्याऐवजी दुकानाचे नाव कोरलेले सापडते, जसे मुंबईत काळाघोड्याला शाखा असलेल्या आर्मी अँड नेव्हीचे. नगरला एवढी मोठी छावणी. साहेब परत जाताना हत्यार कुणाला विकून गेला असेल, ही शक्यता लढाईच्या कथेपेक्षा जास्त असते. तेव्हाचे परवान्याचे पुस्तक मिळाले तर ते सोन्यासारखे जपावे. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात हत्यार जमा केल्याच्या पावत्यासुद्धा फेकू नयेत; एकच नंबर तीस-चाळीस वर्षे एकाच घराच्या नावावर दिसतो, यासारखा दुसरा दाखला नाही.

नंबराची ताकद राजगुरूंच्या खटल्यातही दिसते. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरला इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती खेडच्या राजगुरूंनी, आणि त्यानंतर भगतसिंगांनी. भगतसिंगांचे .३२ कोल्ट पिस्तूल पुढे कित्येक वर्षे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात रंग चढवलेल्या हत्यारांत बेनाव पडून होते. काही वर्षांपूर्वी रंग खरवडला तेव्हा खालून १६८८९६ हा क्रमांक निघाला, खटल्याच्या कागदांशी जुळला, आणि आज ते हुसैनीवाल्याला दर्शनाला ठेवले आहे. रंगाखाली आकडा शाबूत राहिला म्हणून हे झाले. कुणी तो रेतीने घासून टाकला असता तर ते हरवलेच असते.

"चकाचक केलं की भाव वाढतो"

नाही, पडतो. जुन्या हत्याराचा मूळ निळसर-काळा मुलामा विरळ झालेला असला तरी तोच हवा असतो. पॉलिश कागदाने घासले की ठशांच्या कडा बोथट होतात आणि संग्राहक हात मागे घेतो. निकेल चढवून आणलेले रिव्हॉल्व्हर मी पाहिले आहे; घरच्यांनी ते प्रेमाने केले होते, म्हणून त्यांना सांगताना फार जड गेले.

खंडेनवमीला शस्त्रपूजा व्हावीच. पण हळद-कुंकू ओल्या बोटांनी लोखंडाला लावून ते वर्षभर तसेच ठेवू नये. ओलावा राहतो आणि त्या टिकल्याएवढ्या जागी गंज खोल जातो. पूजा झाली की कोरड्या मऊ कापडाने पुसून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल नको, ते चिकटून बसते. आणि चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नये. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि हवेतला दमटपणा मिळून मुलामा खातात. म्यान जपावे, पण वेगळे. हे सगळे करण्याआधी चक्री रिकामी आहे ना, हे दोनदा पाहावे. जुन्या हत्यारात जुनी काडतुसे राहिलेली असू शकतात, आणि काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत आजचे काडतूस घालून 'चालतंय का' बघणे म्हणजे हात गमावण्याची तयारी.

गंजलेल्या वस्तूलाही मोल असू शकते. एका शेतकऱ्याला शेतात सापडलेले ७ मिलिमीटरचे लेफोशो रिव्हॉल्व्हर २०१९ च्या जूनमध्ये पॅरिसच्या लिलावात १,६२,५०० युरोंना गेले. सडलेले, निकामी. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने स्वतःवर झाडले ते हेच असावे, असे मानले जाते. ते कुठल्या शेतात सापडले याची आठवण कुणी तरी जपली होती.

विकायचेच ठरले तर रस्ता सरळ आहे. परवानाधारक विक्रेत्यामार्फत, किंवा एका परवानाधारकाने दुसऱ्याला. दुसऱ्या वाटेने आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून, घेणाऱ्याचा तपशील देऊन ४५ दिवस थांबावे लागते. मोबाइलवर फोटो टाकून 'अर्जंट विकणे आहे' लिहिणारे हे ४५ दिवस विसरतात. घेणाऱ्यानेही पैसे देण्याआधी विकणाऱ्याचा परवाना, त्यावर लिहिलेला नंबर आणि हत्यारावरचा नंबर तिन्ही एका टेबलावर ठेवून, भिंग लावून, एक-एक आकडा जुळवून घ्यावा. ८ आणि ३, १ आणि ७ यांत झिजलेल्या लोखंडावर हमखास फसायला होते.