ॲटमची घडी (भाग ४) : १.६०.०च का?

ॲटम या गिटहबच्या, आता बंद पडलेल्या मजकूर-संपादकाची १.६०.० ही आवृत्ती मार्च २०२२ची. तिच्यानंतर १.६३.० आणि १.६३.१ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. गेल्या भागात त्यांचा उल्लेखही न करता १.६०.० उतरवून घ्यायला सांगितले होते. त्यावर एका वाचकाने रास्त शंका काढली आहे : नवी हाताशी असताना जुनी कशासाठी? या भागात आरंभ-फाइल आणि कीबोर्डच्या जोडण्या यायच्या होत्या. त्या आता पुढच्या आठवड्यात. कारण या शंकेचे उत्तर दिल्याशिवाय पुढची मांडणी कच्च्या पायावर उभी राहील.

उत्तर सुरू होते डिजिटल सहीपासून. प्रोग्रॅम प्रसिद्ध करणारा त्यावर आपली सही करतो. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणिताने एक ठसा काढला जातो, खासगी किल्ली वापरून त्या ठशावर सही होते आणि ती किल्ली कोणाची हे सांगणारे प्रमाणपत्र सोबत जोडले जाते. जुन्या कागदपत्रांवरचे शिक्कामोर्तब हेच काम करत असे. मॅकओएस प्रोग्रॅम उघडण्यापूर्वी ही सही तपासते आणि ज्या प्रमाणपत्राच्या आधारे ती झाली ते रद्द झालेले आढळले, तर प्रोग्रॅम उघडू देत नाही. मजकूर एका अक्षरानेही बदललेला नसला, तरी शिक्काच बाद झालेला असतो.

ॲटमच्या बाबतीत नेमके हेच घडले. ६ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे ॲटमच्या मूळ भांडाराला कुलूप लागण्याच्या नऊ दिवस आधी, गिटहबच्या एका यंत्र-खात्याचे चोरीला गेलेले टोकन वापरून कोणीतरी ॲटमच्या आणि गिटहब डेस्कटॉपच्या काही भांडारांच्या प्रती काढून नेल्या. त्या भांडारांत सही करण्याची प्रमाणपत्रे होती. ती पासवर्डखाली कूटबद्ध होती आणि त्यांचा गैरवापर झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तरीही ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबने ही गोष्ट जाहीर केली आणि २ फेब्रुवारीला ती प्रमाणपत्रे रद्द करण्याचे ठरवले. ॲटमच्या १.६३.० आणि १.६३.१ या आवृत्त्यांवर त्यांतलीच सही होती. त्या प्रकाशनांच्या पानावरून काढण्यात आल्या आणि वापरणाऱ्यांना आधीच्या आवृत्तीकडे परतायला सांगण्यात आले. शिक्का चोरीला गेला की त्याने उमटवलेला प्रत्येक कागद संशयित ठरतो. म्हणून हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो.

याचा थेट फटका मॅकवाल्यांना बसला. लिनक्सवर अशी तपासणीच होत नाही. तरीही मॅक, विंडोज आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर १.६०.० हीच आवृत्ती ठेवावी. इकडेतिकडे अजून सापडणारी १.६३.१ घेऊ नये, कारण ती मूळ घरातून आली आहे की वाटेत कोणी हात लावला आहे, हे ठरवण्याचे साधनच आता उरलेले नाही. एकाच आवृत्तीचा आग्रह धरण्याचे दुसरेही एक कारण आहे. ते पॅकेजांच्या ओघात येईल.

ही आवृत्ती ॲटमच्या मूळ भांडारातून अजूनही उतरवता येते. ते कुलूपबंद आहे म्हणजे त्यात नवी तक्रार नोंदवता येत नाही आणि बदलही सुचवता येत नाही. वाचायला, उतरवायला आणि स्वतःची प्रत काढायला मात्र ते खुले आहे. शिवाय एमआयटी परवाना असल्यामुळे त्या प्रतीत हवे ते करण्याची मोकळीक आहे. विंडोजवर इन्स्टॉलर आणि झिप अशा दोन्ही फाइली मिळतात, त्यांतली झिप घ्यावी. इन्स्टॉलरबरोबर स्वतःहून नवी आवृत्ती शोधणारी यंत्रणा येते आणि आता तिला शोधण्यासारखे काही नाही. उबुंटू किंवा डेबियनवर डेब फाइल उतरवून ती एपीटीकरवी बसवली की पुरे. जुन्या यंत्रावर ॲटमचा पॅकेज-स्रोत नोंदवलेला राहिला असेल, तर तो काढून टाकावा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवर आधी रोझेटा २ लागते, कारण ॲटमची मॅक आवृत्ती इंटेलसाठी बांधलेली आहे.

पहिल्यांदा उघडल्यावर ॲटम वापराची माहिती पाठवण्याची परवानगी मागतो. ती नाकारावी. मग सेटिंगच्या 'कोअर' विभागात जाऊन आपोआप अद्ययावत होण्याची खूण काढावी. पॅकेजांच्या यादीत 'मेट्रिक्स' आणि 'एक्सेप्शन रिपोर्टिंग' ही दोन अंगभूत पॅकेजे आहेत. पहिले वापराची आकडेवारी पाठवते, दुसरे चुकांचे अहवाल. दोन्ही बंद करावीत. एवढे केले की ॲटमच्या बाहेर जाणाऱ्या मुख्य तारा तुटतात आणि जे उरते ते पूर्णपणे आपल्या यंत्रावरचे असते. उरते तेही थोडे नाही. फाइलींचे झाड, टॅब, शोधा-आणि-बदला, मार्कडाउनचे पूर्वदृश्य, इतकेच काय, खुद्द सेटिंगची खिडकीसुद्धा ॲटममध्ये पॅकेज म्हणूनच लिहिलेली आहे आणि ही सगळी प्रोग्रॅमबरोबरच येतात. त्यांना कोणत्याही सर्व्हरची गरज नाही. गाभा लहान ठेवून बाकी सगळे पॅकेजांवर सोपवण्याची ही रचना ॲटमची खरी श्रीमंती, आणि आज तिचाच मोठा आधार आहे.

सेटिंग, कळा, पॅकेजे असे वापरणाऱ्याचे जे काही असते ते सगळे घरच्या फोल्डरात 'डॉट ॲटम' नावाच्या फोल्डरात साठते. झिपमधून काढलेल्या ॲटमच्या फोल्डराशेजारी याच नावाचा फोल्डर तयार केला, तर ॲटम घरचा सोडून तो वापरतो. यालाच पोर्टेबल रीत म्हणतात. ती पेनड्राइव्हसाठी आखलेली होती. पण बंद पडलेल्या प्रकल्पासाठी तिच्याइतकी सोयीची मांडणी दुसरी नाही, कारण प्रोग्रॅम, त्याची पॅकेजे आणि सेटिंग एका फोल्डरात नांदतात आणि तो फोल्डर उचलला की सगळे बिऱ्हाड हलते. लिहिण्याची परवानगी असलेल्या जागीच तो ठेवायला हवा, एवढीच अट.

खरी अडचण बाहेरच्या पॅकेजांची. ॲटमच्या संकेतस्थळावरची पॅकेज-नोंदवही बंद झाल्यामुळे सेटिंगमधला 'इन्स्टॉल' विभाग रिकामा ठरतो आणि एपीएम या साधनाला नुसते नाव सांगून पॅकेज मागवले, तर ते चूक दाखवून थांबते. नोंदवही गेली, पण पॅकेजे गेली नाहीत. ती त्यांच्या लेखकांच्या भांडारांत आहेत. एपीएमला नावाऐवजी भांडाराचा पत्ता दिला की ते नोंदवहीला वळसा घालून थेट तिथून पॅकेज आणते.

हाताने बसवायचे असेल, तर भांडाराची झिप उतरवून ती 'डॉट ॲटम'मधल्या 'पॅकेजेस' फोल्डरात सोडवावी. इथे फोल्डराच्या नावाकडे लक्ष हवे. एमेट या पॅकेजचे उदाहरण घ्यावे. भांडाराचे नाव 'एमेट-ॲटम', झिप सोडवल्यावर त्यामागे 'मास्टर' हे शेपूटही लागते, पण पॅकेजचे नाव नुसते 'एमेट'. पॅकेजच्या जेसन फाइलीत लिहिलेले नावच फोल्डराला द्यावे. त्याच फाइलीत 'एंजिन्स' या शब्दापुढे ॲटमच्या कोणत्या आवृत्त्यांवर ते चालते तेही लिहिलेले असते. शक्यतो मुख्य शाखेची ताजी प्रत न घेता आवृत्तीची खूण असलेले प्रकाशन घ्यावे. मुख्य शाखेत लेखकाचे अर्धवट सोडलेले काम असू शकते आणि ते पुरे व्हायची शाश्वती आता कमी.

पुढची पायरी पॅकेजच्या घडणीवर ठरते. रंगसंगती म्हणजे बहुधा नुसत्या लेस फाइली असतात, फोल्डर ठेवला की काम झाले. जावास्क्रिप्ट किंवा कॉफीस्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या पॅकेजांना दुसरी मोड्यूल लागतात. पॅकेजच्या फोल्डरात शिरून एपीएमला फक्त 'इन्स्टॉल' ही आज्ञा दिली, की ती एनपीएमच्या सार्वजनिक नोंदवहीतून येतात. ती नोंदवही ॲटमची नाही, त्यामुळे ती सुरूच आहे. तिसरा प्रकार हट्टी. ॲटममध्ये टर्मिनल आणणारी पॅकेजे सी++मधल्या मोड्यूलवर उभी असतात आणि ते मोड्यूल आपल्याच यंत्रावर घडवावे लागते. त्यासाठी पायथन आणि सी++ कंपायलर दोन्ही हवेत.

पॅकेजे शोधण्याच्या कामासाठी पल्सारही आठवणीने सांगायला हवा. ॲटमची धुरा उचलून समुदायाने चालवलेला हा पुढचा अवतार. त्याच्या मंडळींनी जुन्या पॅकेजांची नोंदवही आपल्या सर्व्हरवर नव्याने उभी केली. ॲटमच वापरायचा असला, तरी एखादे पॅकेज मूळ कोणत्या भांडारातले, हे तिथे शोधता येते. ज्याला इंटरनेटवरून आलेला अनोळखी मजकूर रोज हाताळावा लागतो, त्याने पल्सारकडेच जावे. ॲटमच्या पोटातल्या क्रोमियम या ब्राउझर-इंजिनाला आता दुरुस्त्या मिळत नाहीत आणि ही उणीव कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही.

आता एकाच आवृत्तीच्या आग्रहाचे दुसरे कारण. ॲटम इलेक्ट्रॉन या चौकटीवर उभा आहे. सी++चे मोड्यूल तिच्या ज्या आवृत्तीसाठी घडवले तिच्याशीच जुळते आणि ॲटमची आवृत्ती बदलली की आतला इलेक्ट्रॉनही बदलू शकतो. घरच्या आणि कचेरीतल्या यंत्रावर १.६०.० असेल, दोन्हींवर प्रणाली एकच असेल, तर 'पॅकेजेस' फोल्डर मोड्यूलांसकट जसाच्या तसा उचलून नेता येतो. विंडोजवरून लिनक्सवर नेला, तर रंगसंगती आणि निव्वळ जावास्क्रिप्टची पॅकेजे बहुतेक चालतात, टर्मिनलसारखी अडतात. अशा वेळी खालच्या पट्टीत किड्याचे लहान चित्र उमटते. त्यावर क्लिक केले की न जुळणाऱ्या पॅकेजांची यादी आणि ती पुन्हा घडवण्याचे बटण समोर येते. एपीएमची 'रीबिल्ड' आज्ञाही तेच करते, मात्र कंपायलर हवाच. तरीही ॲटम उघडताना अडत असेल, तर 'सेफ' हा पर्याय जोडून उघडावा. त्यात बाहेरची पॅकेजे उचललीच जात नाहीत. मग एकेक बंद करत दोषी पॅकेज शोधता येते. ते सापडले आणि सगळे सुरळीत चालू लागले, की त्याच दिवशी अख्ख्या 'डॉट ॲटम' फोल्डराची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि तिच्या नावात १.६०.० हा आकडा, प्रणालीचे नाव आणि तारीख घालावी.