हिशेबनीस चित्रकाराच्या मोजक्या प्रती

नववर्षाच्या तोंडावर आसनगाव-शहापूरच्या बाजारपेठेतून देवतेचे चित्र असलेली दिनदर्शिका घरी येते. वर्ष सरले की त्या चित्राचे काय करावे, हा प्रश्न गृहिणीपुढे उभा राहतो. रद्दीत टाकवत नाही आणि भिंतीवरही ठेवता येत नाही. लग्नपत्रिकेवर तीर्थंकरांची प्रतिमा छापू नये, आशातना होते, असे आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी सांगतात, ते याच अडचणीतून. हजारोंनी छापलेल्या चित्राचे मोल काय? भूपेन खख्खर यांनी हा प्रश्न चित्रकाराच्या बाजूने हाताळला.

खख्खर यांचा जन्म १९३४ सालचा, मुंबईतील गुजराती कुटुंबातला. शिक्षण सनदी लेखापालाचे. १९६२ मध्ये ते बडोद्यास गेले आणि सयाजीराव महाराजांच्या नावे असलेल्या विद्यापीठात कलासमीक्षा शिकू लागले. हिशेबनिसाची नोकरी मात्र पुढे अनेक वर्षे सुटली नाही. जमाखर्चाच्या वह्या सांभाळणारा हा गृहस्थ भारतातील पहिला ‘पॉप’ चित्रकार मानला जातो, हे आपल्या व्यापारी वाचकांस विशेष रुचावे!

१९६५ मध्ये मुंबईत त्यांनी मांडलेल्या कलाकृतींत बाजारातील देवदेवतांची स्वस्त छापील चित्रे कापून चिकटवलेली होती. भोवती भडक रंग आणि भिंतीवर खरडल्यासारखी अक्षरे. पूज्य प्रतिमेची अशी कापाकापी पाहून भाविक मन दुखावणे स्वाभाविकच होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ही चित्रे आधीच पुठ्ठ्यांवर, वेष्टनांवर छापून आपण बाजारात आणली होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेव्हापासून देव दगडी शिळेवरून कागदावर उतरून घरोघर पोहोचले.

अमेरिकेत अँडी वॉरहॉल याने उलट केले. चाळणीसारख्या रेशमी पडद्यातून शाई दाबून हजारो प्रती काढता येतात. तरीही १९६७ मध्ये मेरिलिन मन्रोच्या मुखाच्या दहा चित्रांचा संच त्याने काढला, तो २५० संचांपुरताच. टंचाई अशी हेतुपुरस्सर निर्माण केली जाते. ही कला की व्यापार? माझ्या मते दोन्ही, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

खख्खर यांचा ठसठशीतपणा निराळा. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आणि ‘डिलक्स टेलर्स’ ही त्यांची १९७२ ची चित्रे आसनगाव स्थानकाबाहेरच्या कुठल्याही दुकानदारास परकी वाटू नयेत: सपाट रंग, ठळक पाटी, गंभीर चेहऱ्याचा कारागीर. १९८९ मध्ये सलमान रश्दी यांच्या दोन कथांच्या पुस्तकासाठी त्यांनी लाकडावर व लिनोलियमवर ठसे कोरले. कोरताना चुकीला क्षमा नसते, म्हणून रेषा जाड आणि निश्चयी होते. ते पुस्तक अवघ्या ७२ प्रतींत निघाले.

अशी प्रत घरी आणू इच्छिणाऱ्याने चित्राखाली पाहावे. पेन्सिलीने ‘१२/५०’ असे लिहिलेले असेल, तर पन्नासांपैकी ती बारावी. शेजारी चित्रकाराची हाताने केलेली सही हवी. ठरलेल्या प्रती निघाल्या की पुष्कळदा मूळ ठशावर रेघ ओढून तो निकामी केला जातो. विक्रेत्यास हे विचारण्यात संकोच नसावा. उत्तर गुळमुळीत आले, तर तो कागद दिनदर्शिकेच्याच भावाचा समजावा.