विश्लेषण : निवृत्त हेरगिरी विमान शांतिसेनेच्या कामी येऊ शकते का?

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात तब्बल ४१ वर्षे उभे असलेले एक विमान ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा आकाशात झेपावले. डब्ल्यूबी-५७एफ हे त्याचे नाव. शीतयुद्धात टेहळणीसाठी आणि अणुचाचण्यांनंतर हवेतील किरणोत्सारी कण गोळा करण्यासाठी या जातीची विमाने वापरली जात. दुरुस्तीनंतर ते ‘नासा’च्या संशोधनकार्यात दाखल झाले. मग अशी जुनी विमाने शस्त्रसंधीवर नजर ठेवण्यासाठी का वापरू नयेत?

जुने विमान पुन्हा कसे उडते?

ॲरिझोनाची हवा कोरडी असल्याने धातूला गंज कमी चढतो. विमान साठवताना टाक्यांतील इंधन काढून आत तेल फिरवतात. काचा आणि फटी लेप देऊन बंद करतात. बाहेर काढल्यावर सांगाडा आणि पंख भेगांसाठी तपासले जातात. रबरी सील, नळ्या, वायरिंग, इजेक्शन सीटची काडतुसे असे मुदत संपलेले भाग बदलावे लागतात. त्यानंतर नवी रेडिओ व दिशादर्शन यंत्रणा बसवली जाते. या विमानाला २०११ ते २०१३ अशी सुमारे दोन वर्षे लागली. उत्पादन थांबलेल्या विमानाचे सुटे भाग मिळवणे ही यातली मोठी डोकेदुखी.

उपग्रह आणि ड्रोन असताना विमान कशाला?

उपग्रहाची कक्षा ठरलेली असते. तो कधी डोक्यावर येणार याचा अंदाज बांधून हालचाली लपवता येतात. लहान ड्रोनची उंची आणि वजन वाहण्याची क्षमता मर्यादित असते. ६० हजार फुटांवरून उडणारे विमान जड कॅमेरे नेते, हवे तेव्हा निघते आणि सीमेच्या अलीकडे राहून तिरक्या कोनातून पलीकडचे टिपू शकते.

याआधी असा वापर झाला आहे का?

होय. आखाती युद्धानंतर १९९१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रतपासणी पथकासाठी अमेरिकेच्या यू-२ विमानाने इराकची छायाचित्रे घेतली. विमान आणि वैमानिक अमेरिकेचे, मोहीम मात्र संयुक्त राष्ट्रांची. २००३ च्या फेब्रुवारीत तपासणीसाठी यू-२ पुन्हा उडाले. सोबत फ्रान्सचे मिराज-४ ही होते. मूळचे अण्वस्त्रवाहू असलेले हे विमान १९९६ मध्ये ती जबाबदारी संपल्यावर केवळ टेहळणीसाठी उरले होते.

भारताचा संबंध काय?

डब्ल्यूबी-५७एफ हे मूळ ब्रिटिश ‘कॅनबेरा’ विमानाचे अमेरिकी रूप. भारतीय हवाई दलाची कॅनबेरा विमाने १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत काँगोला गेली आणि त्यांनी कटांगा बंडखोरांच्या हवाई तळावर हल्ले केले. कारगिल संघर्षात, मे १९९९ मध्ये, छायाचित्रे घेणाऱ्या कॅनबेराला क्षेपणास्त्र लागले. तरी ते एका इंजिनावर परतले. ११ मे २००७ रोजी भारताने कॅनबेराला निरोप दिला.

मग अडचण कुठे आहे?

विश्वासात. नोव्हेंबर १९९७ मध्ये इराकने यू-२ पाडण्याची धमकी दिली. हे विमान अमेरिकेसाठी हेरगिरी करते, असा त्याचा आरोप होता. तपासणी पथकाच्या आडून अमेरिकेने इराकमधील संभाषणे ऐकल्याचे वृत्त १९९९ च्या जानेवारीत अमेरिकी वृत्तपत्रांनीच दिले. त्या वर्षाच्या अखेरीस पथक गुंडाळून नवे पथक नेमावे लागले.

काँगोत डिसेंबर २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वेगळा मार्ग निवडला. भारतीय तुकडी तैनात असलेल्या गोमा भागात इटालियन कंपनीचे निःशस्त्र ड्रोन भाड्याने घेतले गेले. म्हणजे कोणत्याही देशाच्या हवाई दलावर अवलंबून राहावे लागले नाही आणि उड्डाण कुठे करायचे, हे शांतिसेनाच ठरवू लागली.

थोडक्यात, निवृत्त विमान दुरुस्त करणे हे अभियंत्यांचे काम आहे आणि ते जमते. ते विमान शांततेचे की हेरगिरीचे, हे मात्र कॅमेऱ्यावर ठरत नाही. उड्डाणाचा आदेश कोण देतो, ज्याच्या आकाशात ते उडते त्याची संमती आहे का आणि छायाचित्रे आधी कोणाच्या हातात पडतात, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते.