रस्त्याला तोलून धरणारे गडगे

नेपल्सच्या दक्षिणेला सोरेंतोचे द्वीपकल्प समुद्रात शिरते. त्याच्या दक्षिण अंगाने, मेता या गावापासून व्हिएत्रीपर्यंत, कड्याला चिकटून सुमारे ५० किलोमीटरचा एक रस्ता जातो. छायाचित्रांतून जगभर पोचलेला अमाल्फीचा किनारा तो हाच. इथे गाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे न्यावी, असे जाणकार सांगतात. इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समुद्राची कड आपल्या वाट्याला येते. आम्हीही तसेच गेलो. भाचा गाडी चालवत होता, शेजारी माझी थोरली बहीण, मागे आम्ही उभयता आणि भाचेसून. साऱ्यांच्या माना उजवीकडे वळलेल्या. मी मात्र डावीकडे बघत राहिलो. तिकडे कड्यावर लोखंडी जाळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्या वर, थेट ढगांपर्यंत, दगडी बांधांच्या पायऱ्या चढत गेल्या होत्या. हा लेख त्या डाव्या बाजूविषयी आहे.

पहिली गोष्ट रस्त्याच्या वयाची. अमाल्फी हे मध्ययुगातले बलाढ्य सागरी प्रजासत्ताक. इथल्या व्यापाऱ्यांची उठबस थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत होती. अमाल्फीच्या कॅथेड्रलचे अकराव्या शतकातले कांस्याचे दरवाजे तिथेच ओतवून आणलेले आहेत. पुढे नॉर्मन सत्ता आली, पिसाच्या आरमाराने शहर लुटले आणि १३४३च्या भयंकर वादळात किनाऱ्यालगतचा भाग समुद्राने गिळला. पण या साऱ्या काळात इथे गाडीरस्ता नव्हताच. माणसे आणि माल होडीने येत-जात. गावागावांतला व्यवहार खेचरांच्या वाटांनी आणि शेकडो पायऱ्यांनी चाले. आजचा रस्ता बूर्बाँ राजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. म्हणजे हजार वर्षांच्या वस्तीत हा रस्ता कालपरवाचा पाहुणा आहे. डोंगर तासून त्याला जागा केली, तेव्हा वरच्या पायऱ्या आधीपासून तिथे होत्या.

या पायऱ्या म्हणजे शेते. आपल्याकडे त्यांना मजगी म्हणता येईल. लाट्टारी डोंगररांग चुनखडकाची, उभ्या चढाची. तिच्यावर व्हेसुव्हियस ज्वालामुखीने शतकानुशतके राख आणि हलक्या सच्छिद्र दगडांचा चुरा पसरला. ही माती सुपीक, पण भुसभुशीत. खाली गुळगुळीत कठीण खडक, वर सैल माती, आणि शरद ऋतूत कोसळणारा पाऊस. अशा ठिकाणी माती टिकवायची, तर तिला टप्प्याटप्प्याने अडवावे लागते. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी चुनखडकाचे गडगे रचले. कोकणातल्या वाचकाला गडगा समजावून सांगायला नको: चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. भिंतीचा कल किंचित डोंगराकडे ठेवायचा आणि मागच्या पोकळीत बारीक दगड भरायचे.

चुना न वापरण्यात गरिबीपेक्षा शहाणपण अधिक आहे. भिंत पडते ती बहुधा मातीच्या वजनाने नव्हे, तर मागे तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने. गडग्याच्या फटींतून पाणी झिरपून जाते, माती मागे राहते. मात्र या बांधकामाची एक अट आहे. एखादा दगड निसटला की तो लगेच बसवावा लागतो. नाहीतर त्या भगदाडातून माती वाहू लागते आणि वरचा गडगा खालच्यावर येतो.

ही डागडुजी करायला माणूस शेतात यायचा तो लिंबांसाठी. इथले लिंबू लांबट, चातीसारखे टोकदार. त्याचे नावही, 'स्फुसातो', चातीवरूनच पडले आहे. २००१मध्ये त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. चेस्टनटच्या लाकडी खांबांचे मांडव घालून झाडे त्यावर पसरवतात आणि हिवाळ्यात वरून आच्छादन करतात. फळे खाली नेण्याचे काम बायकांचे होते. ५० किलोच्या घरातल्या टोपल्या पाठीखांद्यांवर घेऊन त्या पायऱ्या उतरत, दिवसातून अनेकदा. त्यांना 'फॉर्मिकेल्ले' म्हणत, म्हणजे छोट्या मुंग्या. मायोरी आणि मिनोरी या गावांमधली त्यांची वाट आता पर्यटकांची पायवाट झाली आहे.

डोंगर सुटला की काय होते, हे या किनाऱ्याने पाहिले आहे. २५ ऑक्टोबर १९५४च्या रात्री सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी या पट्ट्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. सप्टेंबर २०१०मध्ये चिमुकल्या आत्रानी गावात रस्त्याखाली झाकलेला ओढा फुटून वर आला. त्यात एका तरुणीचा जीव गेला. फेब्रुवारी २०२१मध्ये अमाल्फीलाच दरड कोसळून हा महामार्ग बरेच आठवडे बंद राहिला. पाचशे मिलिमीटर पावसाला कोणताही गडगा पुरा पडणार नाही, हे खरेच. पण ओस पडलेली मजगी मूळच्या उतारापेक्षाही धोक्याची असते, कारण तिथे माणसाने साठवलेली माती असते आणि तिला धरणारा हात नसतो.

तो हात कुठे गेला? आधी अमेरिकेला, एकोणिसाव्या शतकाअखेर इथून फार मोठे स्थलांतर झाले. मग तो खाली, रस्त्यावर उतरला. १९५३मध्ये जॉन स्टाइनबेकने पोझितानोवर लेख लिहिला आणि अमेरिकी प्रवाशांची पावले तिकडे वळली. १९९७मध्ये किनारा जागतिक वारसा ठरला. २०२२मध्ये गर्दी इतकी झाली की मोसमातल्या गर्दीच्या दिवसांत सम-विषम क्रमांकानुसार गाड्या सोडण्याची वेळ आली. ज्यांनी आम्हाला आपली बाग दाखवली, ते गृहस्थ सत्तरीचे होते. दोन्ही मुलगे हॉटेलात नोकरीला. त्यांना दोष कोण देणार? उन्हात दगड वाहण्यापेक्षा ते काम सुखाचे आणि पगार ठरलेला. बोलता बोलता म्हाताऱ्याने वाटेतला एक दगड उचलला, दोनदा फिरवून पाहिला आणि गडग्यात बसवला.

त्या बागेतून खालचा रस्ता दिसत होता. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. इथला पेच मला तिथे नीट कळला. रस्त्याने माणसे आणली ती देखाव्यासाठी. देखावा मजग्यांनी घडवलेला. आणि मजग्यांवरची माणसे त्याच रस्त्याने खाली ओढून घेतली. आता त्या मजग्या ढासळल्या, तर दगड पडणार तो रस्त्यावरच.

२०१८मध्ये युनेस्कोने इटलीसह आठ देशांची बिनचुन्याच्या दगडी बांधकामाची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या गौरवाने गडगे उभे राहत नाहीत. ते मजुरीने उभे राहतात. या किनाऱ्यावर आम्ही गाडी लावायला पैसे मोजले, कॉफीला मोजले, समुद्राकडच्या खोलीला दुप्पट मोजले. त्या दुप्पट भाड्यातला काही भाग वर, डाव्या बाजूला चढायला हवा, आणि तोही दानधर्म म्हणून नाही. खिडकीतून आपण जे पाहतो, ते कोणाच्या तरी रोजच्या कामाचे फळ आहे आणि त्या कामाचे मोल अजून कोणी पूर्ण चुकवलेले नाही.