वारशाने आलेली वेदना

वडिलोपार्जित पेढीबरोबर कधीकधी एक न दिसणारा वारसाही पुढच्या पिढीकडे येतो. मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या निर्माण करणारा ‘पॉलिसिस्टिक किडनी’ हा विकार त्यांपैकीच एक. त्याच्या प्रौढांत आढळणाऱ्या नेहमीच्या प्रकारात, माता-पित्यांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता ५० टक्के असते.

यातील अनेक रुग्णांची कंबर वा कूस वर्षानुवर्षे दुखते. घरचे म्हणतात, ‘दिवसभर गादीवर बसल्याने दुखत असेल.’ वस्तुतः पिशव्या वाढल्या की मूत्रपिंडाचे आवरण ताणले जाते. रक्ततपासणी समाधानकारक असतानाही हे दुखणे असू शकते. म्हणून ते खोटे ठरत नाही. अचानक तीव्र कळ, ताप किंवा लघवीत रक्त आल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात. शेक, झेपेल तो व्यायाम आणि डॉक्टर सांगतील तेवढेच पॅरासिटामॉल, हा पहिला मार्ग.

शरीरातील पाणी घटले की व्हासोप्रेसिन हे संप्रेरक वाढते व ते पिशव्यांच्या वाढीस साहाय्य करते. म्हणून चौविहार उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गुरुमहाराजांनाही आजार सांगावा. तपाचे प्रकार बारा आहेत. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हेही त्यांतलेच. ‘तुझे दुखणे खरे आहे’ असे घरच्यांनी म्हणणे, ही त्या सेवेची सुरुवात होय.