दोन बॅटऱ्या, एक चार्जर

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. बोट म्हटले की खडकपूर्णा किंवा पेनटाकळी धरणाच्या पाण्यावरची होडी, एवढीच आपली ओळख. तेव्हा बोटीतल्या लिथियम बॅटऱ्यांविषयी मी का बोलतो आहे, असे कोणाच्याही मनात येईल. कारण साधे आहे. बोटीत जो प्रश्न येतो, तोच आता आपल्या बांधावर आला आहे. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायला लावलेले झटका मशीन, पाठीवरचा फवारणी पंप, घरचा इन्व्हर्टर, या सगळ्यांत पूर्वीच्या ॲसिडच्या बॅटरीची जागा लिथियम बॅटरी घेत आहे. एक बॅटरी रात्रभर पुरत नाही म्हटल्यावर माणूस दुसरी आणतो आणि दोन्ही एकत्र जोडतो. खरी गोष्ट इथून सुरू होते.

बॅटऱ्या जोडण्याच्या दोन पद्धती आपण शाळेत शिकलो आहोत. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला तर ती एकसर जोडणी. तिच्यात व्होल्ट वाढतात. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडला तर ती समांतर जोडणी. तिच्यात व्होल्ट तेवढेच राहतात, साठा वाढतो. बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की बारा व्होल्टचीच, पण दोनशे अँपिअर-अवरची एक मोठी बॅटरी झाली असे समजा. बोटवाल्यांना ही पद्धत आवडते याला आणखी एक कारण आहे. भर पाण्यात एक बॅटरी बंद पडली तरी दुसरी काठापर्यंत आणते.

विजेवर चालणाऱ्या बोटी आता आपल्या देशात नवलाच्या राहिलेल्या नाहीत. केरळात वैकम आणि तवणकडवू यांच्या दरम्यान जानेवारी २०१७ मध्ये ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर बोट सुरू झाली. छतावर सौर पॅनल, पोटात लिथियम बॅटऱ्या. पुढे एप्रिल २०२३ मध्ये कोचीची वॉटर मेट्रो आली. अशा बोटींत बॅटऱ्यांची जोडणी आणि चार्जिंग तज्ज्ञांनी आखून दिलेले असते. शेतातल्या लोखंडी पेटीत मात्र आखणारे आपणच असतो.

आता समांतर जोडणीत काय घडते ते पाहू. दोन हौद तळाशी पाइपाने जोडले तर पाणी भरलेल्या हौदातून रिकाम्या हौदात धावते आणि दोन्हींची पातळी एक होईपर्यंत थांबत नाही. पाइप बारीक असेल तर सावकाश, रुंद असेल तर लोंढ्याने. ॲसिडची बॅटरी करंट घ्यायला आढेवेढे घेते, म्हणजे तिचा पाइप बारीक. लिथियमचा पाइप रुंद. हिशेब करून पाहा. एक बॅटरी भरलेली, १३.४ व्होल्टवर. दुसरी उतरलेली, १२.६ व्होल्टवर. फरक जेमतेम ०.८ व्होल्ट. दोन्ही बॅटऱ्या आणि तारा मिळून रोध ०.०२ ओहम धरला तर जोडताक्षणी ४० अँपिअर करंट वाहील. चार्जर नाही, पॅनल नाही, तरी ४० अँपिअर. तार बारीक असेल तर ती तापेल आणि टर्मिनलवर ठिणगी उडेल.

कोणी म्हणेल, व्होल्ट मोजून सारखे दिसले की जोडू. ॲसिडच्या बॅटरीत हे बऱ्यापैकी चालून जाई. लिथियममध्ये इथेच फसगत होते. आपल्याकडे या कामाला जी बॅटरी बहुधा वापरतात, ती लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची. हे रसायन जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेत पुढे आले आणि १९९७ च्या त्यावरील शोधनिबंधात अक्षयकुमार पाढी हे पहिले नाव आहे. गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. या बॅटरीचा स्वभाव असा की, अर्धीअधिक रिकामी होईपर्यंत तिचे व्होल्ट फारसे उतरतच नाहीत. ऐंशी टक्के भरलेली आणि चाळीस टक्के भरलेली बॅटरी मीटरवर जवळजवळ जुळ्या बहिणी वाटतात. म्हणून मीटरवर विसंबू नये. दोन्ही बॅटऱ्या आधी वेगवेगळ्या, लिथियमच्याच चार्जरने पूर्ण भराव्यात, काही तास स्वस्थ ठेवाव्यात आणि मग व्होल्टमधला फरक ०.१ च्या आत असेल तर जोडाव्यात. एकदा जोडल्या की पुढे दोघी बरोबर चढतात, बरोबर उतरतात.

आता तारा. जोडणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त घोटाळा मी इथेच पाहिला आहे. चार बॅटऱ्या ओळीने ठेवतात आणि चार्जरच्या दोन्ही तारा पहिल्याच बॅटरीला लावतात. पंगतीत वाढपी एका टोकाकडून शिरला आणि तिथूनच परत फिरला तर शेवटच्या पानावर काय पडणार? तसेच होते. पहिली बॅटरी सर्वांत जास्त करंट घेते आणि देते, चौथी निवांत. दोन-तीन वर्षांत पहिली थकते आणि मालक दुकानदाराशी भांडायला जातो. उपाय बिनखर्ची आहे. चार्जरचा प्लस पहिल्या बॅटरीला द्या आणि मायनस शेवटच्या बॅटरीवरून घ्या. बॅटऱ्यांमधल्या सगळ्या तारा एकाच जाडीच्या आणि लांबीच्या ठेवा. दोन बॅटऱ्यांत वाटणी सारखी होते. चारमध्ये मधल्यांना थोडे कमी मिळते, पण चालण्याजोगे.

प्रत्येक लिथियम बॅटरीच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक रखवालदार असतो, त्याला बीएमएस म्हणतात. आतले चार सेल तो पाहतो. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर जाऊ लागला, की तो बॅटरीचे दार बंद करतो. चांगलेच आहे. पण दोन बॅटऱ्यांपैकी एकीचे दार बंद झाले तर चार्जरचा सगळा करंट दुसरीकडे वळतो. शेतीची वीज पाळीने येते, ती आहे तोवर उरकून घ्यावे म्हणून मोठा चार्जर घेण्याचा मोह होतो. एक बॅटरी ५० अँपिअर सोसत असेल तर दोनसाठी १०० चा चार्जर घ्यावा, हा हिशेब कागदावर बरोबर आणि व्यवहारात धोक्याचा. एकटीला सोसेल तेवढाच चार्जर घ्यावा. दोन शंभरच्या बॅटऱ्या २० अँपिअरने भरायला सुमारे दहा तास लागतात, लागू द्यावेत.

जुन्या इन्व्हर्टरचा चार्जरही इथे चालत नाही. ॲसिडच्या बॅटरीला मधूनमधून १५ व्होल्टच्या वर उकळी देण्याची त्याला सवय असते. लिथियमला १४.४ पुरे. सौर कंट्रोलरवर बॅटरीची जात निवडायची सोय असते, ती एकदा उघडून पाहावी. ॲसिडची आणि लिथियमची बॅटरी तर एका जोडीत बांधूच नये, आणि नवीबरोबर चार वर्षे वापरलेलीही नको.

फ्यूजबद्दल मात्र मी आग्रही आहे. प्रत्येक बॅटरीच्या प्लसजवळ तिचा स्वतंत्र फ्यूज हवा. एका बॅटरीत आत शॉर्ट झाला तर बाकीच्या तिच्यात आपला सगळा साठा ओततात, आणि तेव्हा मधे उभा राहतो तो फ्यूजच. २०२२ साली देशात विजेवरच्या स्कूटरना लागलेल्या आगी सर्वांना आठवत असतील. फॉस्फेटची बॅटरी त्या मानाने शांत डोक्याची, पण तापलेली तार आणि शेजारी कापसाची गंजी असेल तर बॅटरीची जात कोण विचारतो? झोपायच्या खोलीत किंवा कापूस भरलेल्या घरात चार्जिंग नको.

राहिला हवामानाचा प्रश्न. बोटींच्या परदेशी पुस्तिकांत थंडीचा बाऊ फार, कारण शून्य अंशाखाली चार्ज केले की आत धातूचा लिथियम साचतो. आपल्याकडे घाटावर चिखली-मेहकरलाही ती वेळ येत नाही. आपला वैरी उन्हाळा. बऱ्याच बॅटऱ्यांना चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा असते, आणि घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ती दुपारी सहज ओलांडली जाते. पेटी झाडाच्या सावलीला, जमिनीपासून वीतभर उंच आणि हवेशीर ठेवावी. हंगाम संपला की बॅटऱ्या निम्म्या भरलेल्या ठेवाव्यात, मधल्या तारा सोडवाव्यात आणि पुढच्या जूनमध्ये जोडण्याआधी दोन्ही पुन्हा वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्याव्यात.